काज, गुंडी आणि विटाळ

धरमपेठेतील एका शिंप्याच्या दुकानातून माझी आई दर आठवड्याला ब्लाउजांचे गाठोडे घरी आणीत असे. आम्ही पांढराबोडीला राहत होतो. तेथून धरमपेठ पायी जाण्याच्या अंतरावर होते. अंतर थोडे होते, पण दोन्हीकडची माणसे एकमेकांच्या घरात कधी बसली नव्हती. गाठोड्यातले ब्लाउज मशीनवर शिवून झालेले असत. त्यांच्या उघडण्या-मिटण्याचे काम तेवढे राहिलेले असे. हूक लावणे, समोरच्या पट्टीवर दोऱ्याची घरे विणणे, काजे करणे, बटणे टाकणे ही कामे आई चिमणीच्या उजेडात करी. प्रत्येक ब्लाउजला गिऱ्हाइकाच्या आडनावाची चिठ्ठी टाचलेली असे. आईला वाचता येत नव्हते, म्हणून ती आडनावे मी वाचून दाखवी. ज्या घरांच्या ओट्यावर तिला पाणी वरून ओतून मिळे, त्या घरांतल्या बायकांच्या छातीवरचे हूक तिच्या बोटांनी बसवलेले होते. हे तिने कधी कोणाला सांगितले नाही. सांगण्यासारखे त्यात काही आहे असे तिला वाटतही नव्हते.

पुढे मी शाळेत इतिहास शिकवू लागले आणि वेशभूषेवरची पुस्तके हाती आली. ब्लाउजचा इतिहास बहुधा एकाच ठिकाणाहून सुरू होतो. सत्येंद्रनाथ ठाकूर 1863 साली सनदी परीक्षा उत्तीर्ण झाले, मुंबई इलाख्यात नेमले गेले, त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी पारशी बायकांचे पाहून जाकिटावर साडी नेसू लागल्या, आणि ती रीत बंगालच्या भद्र घरांत गेली. हे खरेच आहे. डॉ. घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ 1951 साली आला. त्यात शिल्पे, चित्रे आणि जुने ग्रंथ यांचा मोठा साठा आहे. पण शिल्पात कोण कोरले जाते आणि चित्रात कोण बसवले जाते? आमचे पूर्वज त्यात फार तर दाराशी उभे असणार. बंद, गुंडी, हूक आणि नाडी यांचा इतिहास आमच्या बाजूने पाहिला तर तो फॅशनचा इतिहास राहत नाही, स्पर्शाचा इतिहास होतो. या लेखात मला तेवढेच मांडावयाचे आहे.

नेसण्याच्या वस्त्राला माप लागत नाही. धोतर, लुगडे, घोंगडे, पंचा ही वस्त्रे मागातून उतरली की तशीच अंगावर घेता येतात. ती दुरून फेकता येतात आणि ओंजळीत टाकता येतात. जे वस्त्र अंगासरशी बसते आणि म्हणून ज्याला उघडण्याची जागा ठेवावी लागते, त्याची गोष्ट वेगळी. अंगरखा, बंडी, चोळी, सदरा, कोट शिवायचा तर अंगाचे माप घ्यावे लागते. माप घ्यायचे म्हणजे छातीभोवती दोरी किंवा टेप फिरवायची, खांद्यावर बोट टेकवायचे, काखेखाली हात घालायचा. म्हणजे शिवायचे. मराठीत 'शिवणे' हा शब्द कापडालाही आहे आणि स्पर्शालाही आहे. ज्याला शिवायचे नाही त्याचे शिवावे कसे, हा पेच या एका शब्दातच बसलेला आहे.

धर्मशास्त्राने हा पेच आधीच सोडवून ठेवला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने प्रेताची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जुनी वस्त्रे द्यावीत असेही आहे. महारांच्या ज्या बावन्न हक्कांचा गौरवाने उल्लेख होत असे, त्यांत मढ्यावरच्या कापडाचा हक्क होता. मढ्यावरचे कापड म्हणजे गळा नाही, बाही नाही, काज नाही असे सपाट कापड. ज्याला ते मिळते त्याच्या अंगाचा आकार कोणी विचारात घेतलेला नसतो. दुसरी वाट उतरलेल्या कपड्याची. उतरलेला सदरा बहुधा बटणे काढून घेऊनच दिला जाई, कारण बटणे पुन्हा वापरता येतात. आमच्या घरात बाभळीच्या काट्याने सदरा मिटवल्याची आठवण आजी सांगत असे.

आजोबांच्या कोटाची गोष्ट येथेच सांगतो म्हटले तर ती लांबेल, पण सांगणे भाग आहे. आजोबांनी एका लग्नासाठी कोट शिवायला टाकला. गावच्या शिंप्याने पैसे घेतले आणि कापडही घेतले, पाणी शिंपडून. पण टेप काही लावला नाही. आजोबांना त्याने अंगणात उभे केले, हात पसरायला लावले, वळायला लावले आणि ओट्यावर बसून नजरेने माप घेतले. कोट तयार झाला तेव्हा छातीवर दोन बोटे कमी पडला. वरची दोन बटणे काजापर्यंत पोहोचतच नव्हती. आजोबा तो कोट लग्नात उघडाच घालून हिंडले. लोक म्हणाले, बुढा मोठा साहेबी थाटात आला! तो कोट पुढे आईच्या ट्रंकेत होता. तिने एकदा बटणे सरकवून लावून पाहिली. मशीनची शिवण सरळ होती, कापड चांगले होते, काजेही नीट भरलेली होती. कारागीर कच्चा नव्हता. चूक हाताची नव्हती, हात न लावण्याची होती.

हा एका गावापुरता प्रकार असे कोणी म्हणू नये. घनश्याम शहा, सुखदेव थोरात, सतीश देशपांडे आदी अभ्यासकांनी अकरा राज्यांतील खेड्यांची पाहणी करून 2006 साली ग्रामीण अस्पृश्यतेवरचे पुस्तक प्रसिद्ध केले. शिंप्याने दलितांचे माप घेण्यास नकार देणे, हा त्यांनी नोंदवलेल्या प्रकारांपैकी एक आहे. पाणवठा, देऊळ आणि हॉटेल यांच्यावर आपण पुष्कळ लिहिले. टेपवर लिहिले नाही.

येथे शिंपी जातीवर सगळा राग काढण्यात अर्थ नाही. वर्णव्यवस्थेने त्यांनाही खालीच बसवले होते. नामदेव शिंपी होते. मंगळवेढ्यास गावकूस कोसळून चोखोबा गाडले गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी झाली, असे परंपरा सांगते. एका शिंप्याने एका महाराला स्वतःच्या हातांनी उचलले, ही आपल्या इतिहासातली मोठी घटना आहे. पण ती चोखोबांच्या मरणानंतरची, हेही विसरता येत नाही.

मापाचा शिवलेला कपडा आमच्या अंगावर पहिल्यांदा पद्धतशीर चढला तो पलटणीत. कंपनी सरकारच्या मुंबई सैन्यात महार शिपाई होते. गणवेशाला जात लावता येत नव्हती. कोट अंगात बसलाच पाहिजे आणि समोरची बटणे गळ्यापर्यंत लागलीच पाहिजेत, हा पलटणीचा कायदा. नागपूरजवळ कामठीची छावणी 1821 साली वसली. तिच्या आधाराने आमच्या कित्येक घरांना रोख पगाराची, इंग्रजी घरकामाची आणि इंग्रजी कपड्याची ओळख झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची भरती बंद झाली. नोकरी गेली तरी बटण लावलेल्या कोटात माणूस कसा उभा राहतो, हे पाहिलेली पिढी मागे राहिली. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार त्या पिढीतले.

1901 सालचा प्रसंग बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात दिलेला आहे. वडिलांना भेटण्यासाठी मुले कोरेगावला निघाली. प्रवासासाठी नवे इंग्रजी पद्धतीचे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेतलेली. मसूर स्टेशनावर स्टेशनमास्तरांनी प्रेमाने चौकशी केली. कपड्यांवरून ही मुले अस्पृश्यांची आहेत हे त्यांना ओळखता येईना. मुलांनी जात सांगितली आणि मास्तरांचा चेहरा पालटला. हा प्रसंग आपण तहानेचा आणि बैलगाडीचा म्हणून वाचतो. मी तो सदऱ्याचाही म्हणून वाचते. ज्या सदऱ्याने काही मिनिटे जात झाकली, त्याची भीती व्यवस्थेला का वाटते, याचे उत्तर त्या मिनिटांत आहे. हीच मुले साताऱ्यात होती तेव्हा न्हावी त्यांचे केस कापीत नव्हता, थोरली बहीण कापीत होती. वस्तरा आणि टेप एकाच कुळातले.

ही भीती किती नेमकी होती हे पाहायचे तर बंदीच्या याद्या वाचाव्यात. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त (1936) इंदूरकडच्या बलाई समाजावर लादलेले नियम दिले आहेत. वर्तमानपत्रात ते 1928 च्या जानेवारीत आले होते. पुरुषांनी रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत, आणि नक्षीची जाकिटेही घालू नयेत! 1930 च्या डिसेंबरात रामनाड भागातील कळ्ळरांनी आदिद्रविडांवर घातलेली बंदी हटन यांच्या जातिविषयक ग्रंथात (1946) नोंदलेली आहे. तिथे पुरुषांना कोट, सदरा आणि बनियनही निषिद्ध आणि बायकांना चोळी निषिद्ध. कापड किती असावे एवढ्यावर ही यादी थांबत नाही. अंगासरशी बसणारे, मिटणारे वस्त्र नको, असे ती स्पष्ट म्हणते. बनियनसारखी क्षुल्लक वस्तूसुद्धा यादीत यावी, याचे कारण बनियन शरीराचा आकार घेते, आणि ज्याला आकार आहे तो माणूस ठरतो.

परंतु माझ्या या मांडणीला त्रावणकोरचा इतिहास आडवा येतो आणि तो लपवणे बरे नव्हे. तिथे नाडर बायकांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी एकोणिसाव्या शतकात दीर्घ लढा दिला, मार खाल्ला. 1829 च्या जाहीरनाम्याने ख्रिस्ती झालेल्या बायकांना 'कुप्पायम' म्हणजे शिवलेले जाकीट घालण्याची मुभा ठेवली, पण उच्च जातींच्या बायकांसारखे खांद्यावरून वस्त्र घेण्यास मनाई केली. 1859 च्या जाहीरनाम्याने छाती झाकण्याचा हक्क मान्य केला. उच्च जातींची रीत मात्र तेव्हाही नाकारली. म्हणजे तिथे शिवलेले वस्त्र मिळाले आणि नेसायचे नाकारले गेले. हे उलटे कसे? महाराष्ट्रातल्या सोवळ्याची आठवण केली की उलगडा होतो. सोवळ्यात शिवलेले वस्त्र चालत नाही. देवघरात जाणारा ब्राह्मण सदरा उतरवून जातो. थोडक्यात, शिवलेले असो वा नेसलेले, ज्या काळी ज्या ठिकाणी जे मानाचे, ते आम्हाला नाही. बटणात काही मूळचे पावित्र्य नाही. सवर्णांनी ते आपल्या छातीवर लावले आणि आमच्या छातीवरून काढून घेतले, म्हणून ते लढ्याचे बटण झाले.

महाडला 1927 च्या डिसेंबरात मनुस्मृती जाळल्यानंतर बाबासाहेबांनी बायकांपुढे वेगळे भाषण केले. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसण्याची पद्धत आणि चांदी-कथिलाच्या जड दागिन्यांचे ओझे ही आपल्या अस्पृश्यतेची ओळखपत्रे आहेत, ती टाका, असे त्यांचे सांगणे. त्याच मुक्कामात बायकांनी नेसण्याची पद्धत बदलली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (1989) या ग्रंथामुळे त्या बायकांची चळवळ आपल्यापुढे आली. नागपुरात 20 जुलै 1942 रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी पुन्हा स्वच्छ राहण्याविषयी सांगितले. काही विद्वान या उपदेशाला सवर्णांचे अनुकरण म्हणतात. त्यांच्या आजोबांचा कोट नजरेच्या मापाने शिवलेला नसावा.

आता पुढून उघडायचे की मागून, या प्रश्नाकडे येते. जुनी चोळी पुढे गाठ मारून मिटे. ती गाठ बाई स्वतःच्या हाताने मारी आणि स्वतःच्या हाताने सोडी. शेतात असो वा मुक्कादमाच्या हाताखाली खडी फोडताना असो, पोर रडले की झाडाच्या आडोशाला बसून पाजता येई. पोलके आले, झंपर आला, गाठीच्या जागी बटणे आणि टिचबटणे आली, पुढे हूक आले. पण कष्टकरी बाईचा ब्लाउज पुढूनच उघडत राहिला. मागून हूक असलेला ब्लाउज घालायला दुसऱ्याचे हात लागतात. तो बाईच्या घरी नणंद, मोलकरीण किंवा फुरसतीचा नवरा आहे, असे गृहीत धरतो. बायकांची बटणे डाव्या बाजूला का, याचेही युरोपात असेच कारण सांगितले जाते की श्रीमंत बायकांना दासी कपडे घालीत. ते खरे असो वा रचलेले, बटण कोणाच्या हाताच्या सोयीने लावले आहे हा प्रश्न मात्र योग्य आहे. आईने धरमपेठेचे कित्येक मागून उघडणारे ब्लाउज पुरे केले. स्वतःसाठी शिवताना मावशीने एकदा ती तऱ्हा सुचवली, तेव्हा आई म्हणाली, "पुढूनच राहू दे वं बाई. लेकराले पाजाच्या वक्ती मी कोनाले हाका मारत बसू?"

तिच्या कामाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण ते कोठे लिहिलेले सापडत नाही. काज म्हणजे कापडाला मुद्दाम पाडलेले भोक, आणि ते फाटत जाऊ नये म्हणून त्याच्या कडा बांधायच्या. आधी खडूने खूण, मग कात्रीच्या टोकाने सरळ चीर. चिरेच्या भोवती एक साधा धावदोरा, म्हणजे कडेचे धागे सुटत नाहीत. मग काजाचा टाका. सुई खालून वर काढायची, दोऱ्याचा वेढा सुईखाली घ्यायचा आणि ओढताना गाठ नेमकी चिरेच्या कडेवर बसवायची. टाके एकमेकांना चिकटून, पण एकावर एक चढता कामा नयेत. शेवटी टोकाला आडवा बंद. दोरा मेणबत्तीवरून ओढून घेतला म्हणजे गुंतत नाही. कोटाचे बटण कापडाला घट्ट चिकटवायचे नसते. खाली दोऱ्याचा देठ गुंडाळायचा, तरच जाड कापडाचे काज त्याखाली मावते. ब्लाउजचा हूक लावताना एक टाका हुकाच्या मानेवर घ्यायचा, नाहीतर हूक उभा राहून कापड ओरखडतो. हे सगळे तिला कोणी वर्गात शिकवले नव्हते. दुकानदार डझनावर पैसे देई, आणि एखादे घर ढिले निघाले तर सगळे गाठोडे परत येई.

आईचे काम धरमपेठेला चालत होते. आई स्वतः दुकानात जाऊन आपल्या ब्लाउजचे माप देऊ लागली की तेच उत्तर मिळे: मापाचा ब्लाउज आणा. आता हे उत्तर कोणत्याही बाईला मिळते, त्यात मर्यादेचा भाग असतो, हे मला मान्य आहे. पण रांगेत तिच्यापुढे उभ्या असलेल्या बाईच्या खांद्यावर टेप लागे आणि तिच्या वेळेस तो गळ्यातच राहे, हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. शहरातली अस्पृश्यता अशीच वावरते. सरळ नकार नसतो, एखादी रीत पुढे केली जाते.

विणणाऱ्यांच्या बाजूने पाहिले तर हा इतिहास अधिकच विचित्र दिसतो. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या ग्रंथात मध्य प्रांतातले महार जाडेभरडे सुती कापड विणतात, अशी नोंद आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात 1877 साली सुरू झाली आणि आमची माणसे हातमागावरून गिरणीत गेली. तिकडे मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि त्याला लागलेली थुंकी सवर्ण विणकरांना बाटवी. 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. सुताला आमचा ओठ लागलेला चालत नव्हता. पण विणून, धुऊन, कापून, शिवून झालेल्या कपड्याला पांढराबोडीतल्या बाईचे बोट लागलेले चालत होते, कारण ते कोणाला दिसत नव्हते.

14 ऑक्टोबर 1956. त्या दिवशी मी जगात आलेले नव्हते, आईकडून ऐकलेले लिहिते. बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून आले. नागपूरला लोटलेल्या लाखो माणसांनीही जमेल तसे पांढरे घातले. आईकडे पांढरे पातळ होते, पांढरा ब्लाउज नव्हता. आदल्या रात्री तिने मांजरपाटाचा तुकडा आणला आणि शेजारणीने तिचे माप घेतले, सुतळीने. गुडघे टेकून, हात पाठीमागून फिरवून, नीट. दोघींनी हातानेच तो शिवला. हूक मिळाले नाहीत म्हणून कापडाच्या गुंड्या करून लावल्या. दीक्षेच्या मैदानावर तिच्या छातीवर त्या पाच गुंड्या होत्या. मला वाटते, तिच्या आयुष्यात तिच्या अंगाला बसणारे पहिले वस्त्र तेच. पुढे तिने काजाचे काम पकडले ते त्या शेजारणीच्याच ओळखीने.

चेन, जिला इंग्रजीत झिप म्हणतात, तिच्याविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. सुंडबॅक या अभियंत्याने 1913 च्या सुमारास तिला आजचे रूप दिले, आणि आमच्याकडे ती पोरांच्या पँटीतून आली. आईच्या धंद्याला तिने धक्का दिला नाही. तो दिला काज-बटणाच्या मशीनने. एकाच दुकानात मशीन बसली की दहा दुकानांची काजे तिथे मिनिटांत होऊ लागली. हुकांचे काम काही वर्षे टिकले, मग पिको-फॉल आले आणि आई थकली.

आज वेस्ट हायकोर्ट रोडवर काचेच्या दारांची बुटीके आहेत. तिथे टेप घेऊन उभ्या असलेल्या मुलींत आपल्या वस्त्यांतल्या मुली मला भेटतात. त्या कोणाचेही माप घेतात. ही गोष्ट लहान नाही. पण 2023 साली गुजरातमधील बनासकांठा जिल्ह्यात एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली, तीही याच काळातली. यादी अजून कोणीतरी जवळ बाळगून आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकांत शिक्षक आणि कार्यकर्ते पुष्कळ आहेत. त्यांना माझी विनंती आहे. घरातल्या ट्रंका उघडा. 1956 च्या दीक्षेला घातलेला सदरा, ब्लाउज, बंडी कोठे शिल्लक असेल तर ती धुऊ नका, तिचे छायाचित्र घ्या. ती पुढून मिटते की बाजूने, बंद आहेत की गुंड्या, काज हाताचे आहे की मशीनचे, ते लिहा. आणि घरात कोणी वयस्क असेल तर एवढे विचारून ठेवा की माप कोणी घेतले होते आणि कशाने. आजोबांचा कोट माझ्यापाशी आहे. वरची दोन बटणे अजून जिथल्या तिथे आहेत, आईने त्यांचा दोरा बदललेला नाही.